नष्टोद्दिष्ट व द्विमान रूपांतर

पूर्णांक संख्येचे दोनच चिन्हांच्या मालेत आणि तशा मालेचे पुन्हा पूर्णांकात रूपांतर करण्याच्या, एकमेकींच्या उलट असलेल्या रीती. संगणकात ही दोन चिन्हे ० व १ अशी असतात आणि पहिल्या क्रियेस द्विमान रूपांतर असे म्हणतात. संस्कृत छंदःशास्त्रात गुरू व लघू ही दोन चिन्हे घेऊन हेच काम केले जाई. क्रमांकावरून वृत्तातील लघुगुरुक्रम काढण्याच्या रीतीस ‘नष्ट’ आणि लघुगुरुक्रमावरून क्रमांक काढण्याच्या रीतीस ‘उद्दिष्ट’ अशी नावे आहेत. या रीतींचे सर्वांत जुने उपलब्ध विवेचन पिंगलाच्या छंदःसूत्रांच्या आठव्या अध्यायात आहे. पिंगलाचा काळ सामान्यतः इ. स. पू. तिसरे वा दुसरे शतक असा मानला जातो.

मराठी वाचकाला या रीतींचा परिचय करून देण्यास सर्वांत सोयीचे उदाहरण सातारा जिल्ह्यातून मिळते. चाफळ व सज्जनगड ही समर्थ रामदासांची प्रमुख स्थाने याच जिल्ह्यात आहेत. त्यांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी बहुतेक सातारा जिल्ह्यात, तर शिराळे व बहे येथील सांगली जिल्ह्यात आहेत. रामदासांचे २०५ ‘मनाचे श्लोक’ भुजंगप्रयात या वृत्तात असून ते महाराष्ट्रात घरोघर म्हटले जातात. याच कृष्णाकाठच्या प्रदेशात अक्षरगणवृत्तांची परंपरा पुढेही दीर्घकाळ टिकली. श्लोकरचनेसाठी ख्यातनाम असलेल्या वामन पंडितांची समाधी वाईजवळ भोगाव येथे दाखविली जाते. विसाव्या शतकात सांगलीचे कवी साधुदास यांनी महाकाव्यरचना केली आणि चाफळ येथे जन्मलेल्या कवी यशवंत यांना सांगलीत त्यांचे मार्गदर्शन लाभले. या परंपरेत वृत्त कानाने ओळखले जाई. त्या वृत्ताला गणिताने एक ठराविक क्रमांक देता येतो, ही गोष्ट मात्र छंदःशास्त्राच्या जाणकारांपुरती मर्यादित राहिली.

प्रस्तार : ऱ्हस्व स्वराचे अक्षर लघू, दीर्घ स्वराचे किंवा ज्याच्या पुढील जोडाक्षराचा आघात ज्यावर येतो ते अक्षर गुरू, असा सामान्य नियम आहे. चरणातील प्रत्येक जागी या दोहोंपैकी एक अक्षर येऊ शकत असल्याने एका अक्षराच्या चरणाचे दोन, दोन अक्षरांच्या चरणाचे चार व तीन अक्षरांच्या चरणाचे आठ प्रकार होतात. हे सर्व प्रकार, एकही न गाळता व कोणताही पुन्हा न लिहिता, ठराविक क्रमाने मांडणे म्हणजे प्रस्तार होय. पहिल्या ओळीत सर्व अक्षरे गुरू असतात. पुढची ओळ लिहिताना आधीच्या ओळीतील डावीकडून पहिल्या गुरूच्या खाली लघू लिहावा, त्याच्या उजवीकडील अक्षरे वरच्याप्रमाणेच ठेवावीत आणि डावीकडील जागा गुरूंनी भराव्यात. सर्व अक्षरे लघू झाली म्हणजे प्रस्तार पूर्ण होतो. तीन अक्षरांच्या प्रस्तारातून मराठी शाळांत शिकविले जाणारे आठ गण मिळतात. पुढील कोष्टकात ‘ग’ म्हणजे गुरू व ‘ल’ म्हणजे लघू होय. शेवटच्या स्तंभात क्रमांकातून एक वजा करून आलेली संख्या द्विमान पद्धतीने लिहिली आहे.

क्रमांक — मांडणी — गण — द्विमान
१ — ग ग ग — म — ०००
२ — ल ग ग — य — ००१
३ — ग ल ग — र — ०१०
४ — ल ल ग — स — ०११
५ — ग ग ल — त — १००
६ — ल ग ल — ज — १०१
७ — ग ल ल — भ — ११०
८ — ल ल ल — न — १११

कोष्टकातील मांडणी उजवीकडून डावीकडे वाचली आणि गुरूच्या जागी ० व लघूच्या जागी १ लिहिला, तर शेवटचा स्तंभ जसाच्या तसा मिळतो. गण लक्षात ठेवण्यासाठी वापरले जाणारे ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्रही याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यातील कोणत्याही अक्षरापासून सलग तीन अक्षरे घेतली, तर पहिल्या अक्षराच्या नावाचा गण मिळतो. शेवटची दोन अक्षरे लघुगुरुक्रमाने पहिल्या दोहोंसारखीच असल्याने मूळ माला आठ चिन्हांची व वर्तुळाकार ठरते. तीन चिन्हांचे आठही प्रकार तीत प्रत्येकी एकदाच येतात. अशा वर्तुळाकार मालांचा अभ्यास आधुनिक गणितात डच गणितज्ञ डी ब्राइन यांच्या नावाने ओळखला जातो.

नष्ट : प्रस्तारातील एखादी ओळ पुसली गेली आणि तिचा फक्त क्रमांक ठाऊक असला, तर ती ओळ कशी परत मिळवावयाची हा नष्टाचा प्रश्न होय. रीत अशी : दिलेला क्रमांक सम असल्यास लघू लिहावा व क्रमांकाची निमपट करावी; विषम असल्यास गुरू लिहावा, क्रमांकात एक मिळवावा व मग निमपट करावी. चरणातील अक्षरे पूर्ण होईपर्यंत ही क्रिया चालू ठेवावी.

बारा अक्षरांच्या चरणाच्या प्रस्तारातील ५८६ वी ओळ काढावयाची आहे असे समजू. ५८६ सम म्हणून ल, उरले २९३. ही संख्या विषम म्हणून ग. एक मिळवून निमपट केल्यावर १४७. पुन्हा ग, ७४. ही सम म्हणून ल, ३७. पुढे ग, १९, ग, १०, ल, ५, ग, ३, ग, २, ल, १. आता एक ही विषम संख्या उरली. तीत एक मिळवून निमपट केली की पुन्हा एकच येतो. त्यामुळे उरलेल्या दोन्ही जागी गुरू येतात. सर्व अक्षरे ओळीने लिहिली असता ‘लगग लगग लगग लगग’ अशी मांडणी मिळते. हे चार य-गण म्हणजेच भुजंगप्रयात वृत्त होय. मनाच्या श्लोकांचा चरण अशा रीतीने बारा अक्षरांच्या प्रस्तारातील ५८६ व्या जागी बसतो.

उद्दिष्ट : उलट प्रश्नात मांडणी दिलेली असते व क्रमांक काढावयाचा असतो. पिंगलाच्या रीतीने एक या संख्येपासून आरंभ करून शेवटच्या अक्षराकडून मागे यावे. लघू आल्यास संख्या दुप्पट करावी, गुरू आल्यास दुप्पट करून एक वजा करावा. भुजंगप्रयाताच्या चरणावर ही रीत चालविली असता अनुक्रमे १, १, २, ३, ५, १०, १९, ३७, ७४, १४७, २९३ व ५८६ या संख्या येतात. नष्टातील पायऱ्या येथे उलट क्रमाने मिळाल्या. केदारभट्टाच्या ‘वृत्तरत्नाकर’ या पुढील काळातील ग्रंथात अधिक सुटसुटीत रीत आहे. तीनुसार अक्षरांवर डावीकडून १, २, ४, ८, १६ असे दुप्पट होत जाणारे अंक मांडावेत, लघूंवरील अंकांची बेरीज करावी व तीत एक मिळवावा. भुजंगप्रयातात पहिले, चौथे, सातवे व दहावे अक्षर लघू आहे. त्यांवरील अंक १, ८, ६४ व ५१२ असून त्यांची बेरीज ५८५, म्हणून क्रमांक ५८६. मंगलाष्टकांमुळे सर्वपरिचित असलेल्या एकोणीस अक्षरी शार्दूलविक्रीडिताचा क्रमांक याच रीतीने १,४९,३३७ येतो.

संख्या : चरणात किती अक्षरे असता एकूण किती ओळी होतील, हे प्रस्तार न लिहिता काढण्याची रीतही पिंगलाने दिली आहे. अक्षरसंख्या सम असल्यास तिची निमपट करून ‘दोन’ हे चिन्ह लिहावे. विषम असल्यास एक वजा करून ‘शून्य’ हे चिन्ह लिहावे. शून्य येईपर्यंत असे करून मग एकापासून उलट यावे. शून्याच्या चिन्हापाशी दुप्पट व दोनाच्या चिन्हापाशी वर्ग करावा. बारा अक्षरांसाठी २, ४, ८, ६४, ४,०९६ अशा पाचच क्रिया पुरतात. मोठे घातांक काढण्यासाठी संगणकाच्या कार्यक्रमांत आज हीच युक्ती वापरतात.

या रीतींचे महत्त्व संख्या मोठ्या झाल्या म्हणजे कळते. दर मिनिटास एक ओळ याप्रमाणे बारा अक्षरांचा प्रस्तार लिहिण्यास ६८ तासांहून अधिक वेळ लागेल. चोवीस अक्षरांच्या प्रस्तारात १,६७,७७,२१६ ओळी येतात व त्या याच वेगाने अखंड लिहिल्या तरी सुमारे ३२ वर्षे लागतील. नष्टाच्या रीतीने मात्र त्यांतील कोणतीही ओळ चोवीस पायऱ्यांत मिळते. संपूर्ण यादी न करता यादीतील हवी ती नोंद थेट काढता येणे, हे या रीतींचे सार आहे.

ग्रंथपरंपरा : पिंगलाची सूत्रे अतिसंक्षिप्त असल्याने ती कळण्यास टीकांचा आधार घ्यावा लागतो. त्यांत दहाव्या शतकातील हलायुधाची ‘मृतसंजीवनी’ ही टीका महत्त्वाची आहे. चरणात नेमके किती लघू असता किती प्रकार होतात हे दाखविणारा, यूरोपात पुढे पास्काल यांच्या नावाने प्रसिद्धी पावलेला, संख्यांचा त्रिकोण तीत ‘मेरुप्रस्तार’ या नावाने स्पष्ट केला आहे.

छंदातील ही मोजणी लवकरच सर्वसाधारण गणितात आली. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) अनुष्टुभ छंदाची सम, अर्धसम व विषम वृत्ते किती होतील असा प्रश्न आहे. आठ अक्षरांच्या चरणाचे प्रकार २५६ असल्याने चारही चरण सारखे असलेली समवृत्ते २५६ होतात. अर्धसम वृत्ते २५६ च्या वर्गातून २५६ वजा करून ६५,२८० आणि विषम वृत्ते ६५,५३६ च्या वर्गातून ६५,५३६ वजा करून ४,२९,४९,०१,७६० येतात. २५६, ६५,५३६ व ४,२९,४९,६७,२९६ हे आठ, सोळा व बत्तीस जागांच्या द्विमान मालांचे एकूण प्रकार असून संगणकाच्या अभ्यासकाला ते नित्य परिचयाचे आहेत.

देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. सात स्वरांच्या ५,०४० क्रमांतून दिलेल्या क्रमांकाची तान काढणे व दिलेल्या तानेचा क्रमांक काढणे यांसाठी त्याने ‘खंडमेरू’ या कोष्टकाची योजना केली. येथे दोन चिन्हांऐवजी सात स्वर आले, तरी नष्ट व उद्दिष्ट ही नावे कायम राहिली. नारायण पंडिताने ‘गणितकौमुदी’त (१३५६) अशा सर्व मोजण्यांना व्यापक गणिती रूप दिले. आधुनिक काळात ह. दा. वेलणकर यांनी ‘जयदामन्’ (१९४९) या संग्रहात संस्कृत छंदोग्रंथांची चिकित्सक संपादने उपलब्ध करून दिली.

यूरोपातील द्विमान अंकन : यूरोपात टॉमस हॅरियट यांच्या सतराव्या शतकाच्या आरंभीच्या अप्रकाशित टिपणांत द्विमान अंक आढळतात. गोटफ्रीट लायप्निट्स यांनी १६७९ पासून या अंकांवर विचार केला आणि १७०३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीला सादर केलेल्या निबंधात ० व १ यांनी बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार कसे करावेत हे दाखविले. प्राचीन चिनी षड्रेखांशी या अंकांचे साम्य आहे, हेही त्यांनी त्यात नमूद केले. पुढे जॉर्ज बूल यांनी तर्काचे बीजगणित मांडले (१८५४) व विद्युत् मंडलांतील चालू-बंद स्थितींना ते लागू पडते, हे क्लॉड शॅनन यांनी १९३७ मध्ये दाखवून दिले. यानंतर द्विमान अंकन हे यंत्राचे स्वाभाविक अंकन ठरले [⟶ संगणक].

संगणकातील रूपांतर : माणूस दशमान अंक लिहितो व यंत्र द्विमान अंक वापरते, त्यामुळे रूपांतराचे काम संगणकाच्या आरंभकाळापासून आवश्यक झाले. केंब्रिज येथील एडसॅक या संगणकात (१९४९) डेव्हिड व्हीलर यांनी रचलेल्या प्रारंभिक आज्ञा फितीवरील दशमान पत्ते वाचून त्यांचे द्विमान रूप स्वतःच तयार करीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेल्या व १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकाचा प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा होता.

कार्यक्रमात वापरावयाची नेहमीची रीत अशी : संख्येला दोनने भागून बाकी टिपावी, भागाकाराला पुन्हा दोनने भागावे व भागाकार शून्य झाला म्हणजे टिपलेल्या बाक्या उलट क्रमाने लिहाव्यात. मनाच्या श्लोकांची संख्या २०५ घेतल्यास बाक्या अनुक्रमे १, ०, १, १, ०, ०, १, १ येतात आणि उलट लिहिल्यावर ११००११०१ ही माला मिळते. प्रत्यक्षात भागाकाराऐवजी शेवटचा अंक तपासून संपूर्ण माला एक घर उजवीकडे सरकविणे यंत्रास अधिक सोपे जाते.

ही माला म्हणजे संख्या नव्हे, तर ती दाखविणारी अक्षरांची ओळ होय, हे ध्यानात ठेवणे आवश्यक असते. मालेची लांबी व तिचा अर्थ आधी ठरवावा लागतो. आठ जागांत ११००११०१ ही माला केवळ धन संख्यांच्या संकेताने २०५ दर्शविते. ऋण संख्यांसाठी रूढ असलेल्या द्विपूरक संकेताने मात्र तीच माला –५१ दर्शविते. वेगवेगळ्या संगणकीय भाषांतील तयार सोयींतही हा भेद दिसतो. –२०५ चे रूप मागितले असता पायथन ही भाषा ऋण चिन्ह व २०५ ची माला देते. जावा ही भाषा बत्तीस जागांची द्विपूरक माला देते व तिच्या आरंभी चोवीस वेळा १ येतो. हा संकेत ध्यानी न घेतल्यास कार्यक्रमात चुका होतात. मराठी लेखनही आता याच मार्गाने साठविले जाते. युनिकोड या संकेतप्रणालीत ‘म’ या अक्षराचा क्रमांक २३५० असून त्याची द्विमान माला १००१००१०१११० ही आहे.

साम्य व भेद : नष्टाची रीत व संगणकातील रूपांतर यांचे साम्य वरवरचे नाही. दोन्हींत सम-विषम पाहून एक चिन्ह लिहावयाचे व निमपट करावयाची, एवढीच क्रिया वारंवार होते. पायऱ्यांची संख्या ठरलेली असते. कोणत्याही पायरीवर कल्पकतेची गरज पडत नाही. उलट रीतीने उत्तर पडताळताही येते. वृत्तातील अक्षरसंख्या आधीच निश्चित असल्याने उरलेल्या जागा गुरूंनी भरणे आणि संगणकात ठराविक लांबीसाठी माला शून्यांनी भरणे, हेही एकच आहे.

मात्र भेदही तितकेच महत्त्वाचे आहेत. एक, प्रस्तारातील गणती एकापासून सुरू होते, शून्यापासून नाही. म्हणून भुजंगप्रयाताचा क्रमांक ५८६ व त्याच्या मालेची द्विमान किंमत ५८५ असा एकाचा फरक पडतो, आणि विषम संख्येत एक मिळविण्याचे कारणही हेच आहे. दोन, एकक स्थान डावीकडे असते. तीन, आणि हा भेद सर्वांत मोठा, छंदःशास्त्रात लघुगुरूंच्या माला ही क्रमांक दिलेली रूपे होती, संख्यालेखनाची पद्धती नव्हती. लघुगुरूंनी कोणी बेरीज वा गुणाकार केला नाही. खुद्द क्रमांक नेहमीच्या संख्यांनीच सांगितले जात. द्विमान अंकांचे अंकगणित ही लायप्निट्स यांच्या निबंधातून यूरोपात पुढे आलेली गोष्ट असून पिंगलाच्या सूत्रांपासून तिथपर्यंत पोहोचणारी प्रभावाची साखळी दाखविणारा पुरावा उपलब्ध नाही.

त्यामुळे संगणकाचा शोध प्राचीन भारतात लागला होता, हे अधूनमधून केले जाणारे विधान टिकत नाही. तसेच या रीतींना केवळ कवींचा करमणुकीचा खेळ समजणेही योग्य नाही. एखाद्या क्रमवार यादीतील वस्तू व तिचा क्रमांक यांचे परस्परांत यांत्रिक रूपांतर करण्याचा विचार येथे स्पष्ट शब्दांत मांडलेला आहे, आणि तो छंदातून संगीतात व सर्वसाधारण गणितात पोहोचला. डॉनल्ड कनूथ यांनी संगणक कार्यक्रमणावरील आपल्या बृहद्ग्रंथात संयोजन-गणिताचा इतिहास सांगताना या भारतीय परंपरेला स्थान दिले आहे. महाराष्ट्रातील शालेय शिक्षणात मात्र या शास्त्राचे गण व लघुगुरुक्रम एवढेच अंग राहिले आहे. नष्ट व उद्दिष्ट ही अंगे सहसा शिकविली जात नाहीत. ज्या मुलांना मनाचे श्लोक पाठ असतात व जी पुढे संगणकाचे कार्यक्रम लिहिण्यास शिकतात, त्यांना या दोन विद्यांमधील दुवा दाखविण्यास बारा ओळींचे एक गणित पुरेसे आहे.